दुसऱ्याचा न्याय करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत मी अकरा वर्षं पंच म्हणून काम पाहतो आहे. पुढचे प्रश्न मला उपासनेनंतर चर्चच्या आवारात, कुणाच्या ओट्यावर, तर कधी रात्री अकराला फोनवर विचारले गेले आहेत. उत्तरं बायबलच्या आधारानं दिली आहेत. जिथं माझं स्वतःचं मत आहे तिथं तसं सांगितलं आहे.

येशूनं ‘कोणाचे दोष काढू नका’ असं सांगितलंय. मग दुसऱ्याचा न्याय करायचा प्रश्न येतोच कुठं?

मत्तयाच्या ७ व्या अध्यायाचं हे पहिलंच वचन. इतर वचनं माहीत नसली तरी हे एक सगळ्यांना पाठ असतं, आणि बहुतेक वेळा ते समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. पण तोच अध्याय जरा पुढं वाचा. सहाव्या वचनात येशू म्हणतो, मोती डुकरांपुढं टाकू नका. पंधराव्यात म्हणतो, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांपासून सांभाळा, झाड फळांवरून ओळखा. पारख केल्याशिवाय यातलं काहीच करता येणार नाही. योहान ७:२४ मध्ये तर तो थेट सांगतो की वरवर पाहून न्याय करू नका, खरा न्याय करा.

मूळ ग्रीकमधला ‘क्रिनो’ हा शब्द पारखणं, ठरवणं, खटला चालवणं आणि दोषी ठरवणं या सगळ्यांसाठी येतो. कुठं कोणता अर्थ घ्यायचा ते आजूबाजूच्या वाक्यांवरून कळतं. लूकमध्ये (६:३७) याच वचनाला जोडून ‘दोषी ठरवू नका’ आणि ‘क्षमा करा’ असं आलंय, त्यावरून येशूचा रोख कशावर आहे ते लक्षात येतं. डोळे मिटून बसा असं त्यानं कुठंही सांगितलेलं नाही.

मग नेमकं मना काय आहे?

एखाद्यानं काय केलं ते बोलायला मनाई नाही. ‘त्यानं हिशेबात पैसे कमी दाखवले’ हे वाक्य तपासता येतं. खरं असेल तर सिद्ध होईल, खोटं असेल तर मागं घेता येईल. ‘तो चोरच आहे’ म्हटलं की आपण त्या माणसाची आतापासून शेवटच्या दिवसापर्यंतची पाटी लिहून टाकली. तो अधिकार आपल्याला दिलेला नाही. प्रेषित पौल करिंथकरांस पत्रात लिहितो (१ करिंथ ४:५) की प्रभू येईपर्यंत वेळेआधी निकाल देऊ नका. अंधारातल्या गोष्टी आणि मनातले हेतू तोच उजेडात आणील. हेतू हा शब्द महत्त्वाचा आहे. कृती आपल्याला दिसते, हेतू दिसत नाही, आणि आपले जास्तीत जास्त अन्याय्य निकाल हेतूंवरचेच असतात. ‘मुद्दामच केलं असणार’, ‘पुढंपुढं करायला आली’, ‘मोठेपणा मिरवायला दान दिलं’ ही सगळी वाक्यं दुसऱ्याच्या काळजात शिरून बोललेली आहेत.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ८) इथं नेहमी सांगितली जाते. त्यातल्या दोन गोष्टी सहसा सुटतात. एक म्हणजे येशूनं पाप नव्हतंच असं म्हटलं नाही. ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ म्हणाला आणि लगेच ‘यापुढं पाप करू नको’ असंही म्हणाला. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. नियमशास्त्राप्रमाणे (अनुवाद २२:२२) अशा गुन्ह्यात पुरुष आणि स्त्री दोघंही दोषी. त्या दिवशी पुरुष कुठं होता? तिला ‘ऐन वेळी’ धरलं म्हणजे तो तिथंच असणार. एकालाच ओढून आणलं तिथंच तो न्याय नासला होता.

मुसळ आणि कुसळ यांचा अर्थ ‘आधी स्वतः सुधारा, मगच बोला’ असाच ना?

अर्धा अर्थ तोच. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही, घराच्या आढ्याला घालतात तसली तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूच्या तोंडी ती शोभते. मराठीत आपल्याकडं मुसळ आलं, कुसळाला यमकही जुळलं, आणि ही म्हण आता ज्यांनी बायबल कधी उघडलेलं नाही त्यांच्याही बोलण्यात आहे.

पण म्हणीत वचनाचा शेवट गळून पडलाय. येशू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ तसंच राहू दे असं तो म्हणत नाही. ज्यानं कापणीच्या दिवसांत शेतात काम केलंय त्याला ठाऊक आहे, डोळ्यात कुसळ गेलं तर किती सलतं ते. डोळा लाल होतो, पाणी थांबत नाही, चोळलं तर आणखी रुततं. आमची आजी काढायची ती उजेडाकडं तोंड करून बसवायची, पापणी उलटी करायची आणि लुगड्याच्या मऊ पदराचं टोक वापरायची. हात थरथरणाऱ्यापुढं कुणी डोळा उघडा धरत नाही. गलातीकरांस पत्रात (६:१) पौल म्हणतो की कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेनं सावरा, आणि स्वतःकडं लक्ष ठेवा, नाहीतर तुम्हीही मोहात पडाल. तो या पदराच्या टोकाचाच विषय आहे.

समोर रडून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही का?

ठेवायचा. पण दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायात चार वचनांच्या अंतरानं दोन वाक्यं आहेत: ऐकून घेण्याआधी उत्तर देतो तो मूर्ख ठरतो, आणि जो आधी बाजू मांडतो तो खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. येशूला पकडायला निघालेल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्यातल्याच निकदेमानंही हेच विचारलं होतं (योहान ७:५१): माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का?

दावीद राजाची एक गोष्ट उपदेशात फारशी येत नाही. मुलगा अबशालोम याच्या बंडात राजा पळून चाललेला, थकलेला. वाटेत सीबा नावाचा चाकर गाढवांवर भाकरी, मनुके, द्राक्षारस लादून भेटायला येतो आणि सांगतो की माझा धनी मफीबोशेथ (आधीच्या शौल राजाचा नातू) यरुशलेमात राज्य मिळण्याची वाट बघत बसलाय. दावीद तिथल्या तिथं मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकतो (२ शमुवेल १६). बंड मोडल्यावर मफीबोशेथ येतो. राजा गेला त्या दिवसापासून त्यानं पाय धुतलेले नाहीत, दाढी नीट केलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. तो म्हणतो, मी लंगडा आहे, गाढवावर खोगीर घालायला सांगितलं होतं, चाकरानं फसवलं (२ शमुवेल १९). आणि दावीद काय करतो? जमीन दोघांत वाटून घ्या म्हणतो. आधीचा निकाल पूर्ण फिरवायची त्याची तयारी नाही. एकदा दिलेला शब्द मागं घेणं राजालाही जड गेलं.

मलाही जड गेलंय. आमच्या मंडळीतल्या दोन भावांपैकी थोरला एका संध्याकाळी माझ्याकडं आला. म्हातारी आई त्याच्याकडं असते. ‘धाकट्यानं चार वर्षांत आईसाठी एक पैसा दिला नाही,’ असं सांगताना तो खरोखर रडला. मी धाकट्याला काही विचारलं नाही. पुढच्या बैठकीत मीच सुचवलं की ज्याला आई दिसत नाही त्यानं वेदीपाशी उभं राहून पाठ वाचू नये, आणि वाचकांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. तीनएक आठवड्यांनी तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत मेडिकलची बिलं, महिन्यामहिन्याची टाचणी लावलेली. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, दर महिन्याच्या अखेरीला दुकानदाराचं खातं त्यानं मिटवलेलं. थोरला समजत होता की औषधं वडिलांच्या पेन्शनीतून येतात. थोरल्याला कमीपणा वाटू नये म्हणून धाकट्यानंच आईला सांगितलं होतं, बोलू नको. म्हणजे थोरला खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्यानं सांगितलं होतं. चूक झाली ती माझ्याकडून, कारण विचारणं हे माझं काम होतं.

ऐकीव गोष्टीवर ताबडतोब पाऊल उचलायची वेळ आली तर?

यहोशवाच्या २२ व्या अध्यायातली मंडळी माझ्यापेक्षा शहाणी होती. रऊबेन, गाद आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशानं यार्देनेजवळ मोठी वेदी बांधल्याची बातमी आली. बाकीच्या इस्राएलाला वाटलं, यांनी परमेश्वराला सोडलं. सगळे शिलो इथं लढाईसाठी जमले. पण हत्यार उचलण्याआधी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार विचारायला पाठवले. उत्तर आलं की ही वेदी होमार्पणासाठी नाही, साक्षीसाठी आहे. उद्या तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना ‘तुमचा आमच्या देवाशी काय संबंध’ म्हणू नये म्हणून बांधली. एका भेटीनं भाऊबंदांतलं युद्ध टळलं. आज दहा सरदारांची गरज नाही. एक फोन पुरतो, आणि तोही ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्याला.

‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणून कुणाची गोष्ट सांगितली तर ती चहाडी होते का?

बहुतेक वेळा होते. प्रार्थनेला नाव पुरतं, तपशील लागत नाही. ‘अमुक घरासाठी प्रार्थना करा’ एवढं देवाला कळतं. लेवीय १९:१६ मध्ये लोकांत चहाड्या करत फिरू नको अशी सरळ आज्ञा आहे. व्हॉट्सअॅपच्या गटावर आलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट पुढं पाठवताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हा माणूस आत्ता माझ्यासमोर बसला असता तर मी हे पाठवलं असतं का?

दिसतं ते फसवं असू शकतं, याचं बायबलमधलं उदाहरण एका याजकाचंच आहे. हन्ना शिलोच्या मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. तो तिला बोललाही. तिनं सांगितल्यावर मात्र त्यानं वाद घातला नाही; ‘शांतीनं जा’ म्हणाला आणि तिच्या मागणीला आशीर्वाद दिला (१ शमुवेल १). चुकल्यावर इतक्या लवकर वळणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

कुणावर संकट आलं, आजार आला, की लोक म्हणतात ‘काहीतरी पाप असेल’. हे बरोबर आहे का?

नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर चांगले होते. तोंड उघडून त्याच्या दुःखामागचं पाप शोधायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा येशूनं विचारलं, ती माणसं इतरांपेक्षा अपराधी होती असं वाटतं का? आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला (लूक १३). जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही (योहान ९). मूल गमावलेल्या आईच्या दारात उभं राहून ‘देवाला काहीतरी दाखवायचं असेल’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. तिथं गप्प बसावं, स्वयंपाकाचा डबा न्यावा.

टिकली, मंगळसूत्र, शेजाऱ्याकडच्या सणाचं जेवण यांवरून एकमेकांना नावं ठेवणं कितपत योग्य?

रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय याच कामासाठी आहे. तिथं वाद मांस खावं की भाजी, आणि कोणता दिवस पाळावा यांवरून होता. पौल दोन्ही बाजूंना धरतो. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? मराठी ख्रिस्ती घरांत मंगळसूत्र घालणाऱ्याही आहेत, न घालणाऱ्याही. माझ्या मते दोन्हींच्या श्रद्धेचं माप त्या काळ्या मण्यांत नाही.

आपल्यात जात नाही म्हणतो, तरी लग्न जमवताना ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतोच. हाही न्याय करणंच झालं ना?

झालं. माणूस न बघता त्याच्या पणजोबाचा निकाल त्याला लावणं झालं. याकोबाच्या पत्रात (२:१-९) सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तिथं उभा राहा’ असं म्हणणाऱ्या मंडळीला तो भेदभाव करणारे दुष्ट न्यायाधीश म्हणतो. आपल्याकडं ती अंगठी आडनावात असते. हे आपण एकमेकांना तोंडावर सांगायला हवं, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याविषयी आपण जे कबूल करतो त्याच्याशी हे जुळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. लेवीय १९:१५ म्हणतं की गरिबाची बाजू घेऊ नको आणि मोठ्याची भीड धरू नको. गरीब आहे म्हणून त्याचं खरंच असेल असं धरणं, हाही तराजूवर ठेवलेला अंगठाच.

पाळकाविरुद्ध किंवा मंडळीतल्या वजनदार माणसाविरुद्ध तक्रार आली तर? ‘दोन-तीन साक्षीदार आणा’ असं सांगितलं जातं.

१ तीमथ्य ५:१९ मध्ये मंडळीच्या वडिलांविरुद्धची (म्हणजे मंडळी चालवणाऱ्या ज्येष्ठांविरुद्धची) तक्रार दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये असं आहे, ते खरं. ऊठसूट आरोपांपासून ते संरक्षण आहे. पण पुढचीच वचनं वाचायला लोक विसरतात. पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दे, आणि पक्षपात करू नको असं तिथं लिहिलंय.

लैंगिक अत्याचाराला साक्षीदार नसतो. तो एकांत बघूनच केला जातो. म्हणून साक्षीदार नाहीत हे कारण देऊन मुलीला परत पाठवणं हा पवित्र शास्त्राचा आधार घेऊन केलेला अन्याय आहे. अनुवाद २२:२५-२७ पाहा. रानात मुलीवर बळजबरी झाली, ती ओरडली तरी सोडवायला तिथं कुणी नव्हतं. नियमशास्त्र तिच्याकडं साक्षीदार मागत नाही. तिच्याकडं काही दोष नाही असं सांगतं, आणि हा प्रकार खुनासारखा आहे म्हणतं.

पीडित अठरा वर्षांखालचं असेल तर विषय मंडळीच्या बैठकीचा उरतच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’, ‘आपसात मिटवू’, ‘तिनं क्षमा करावी’ ही वाक्यं मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत. बदनामी अत्याचार करणाऱ्यानं केलेली असते, सांगणाऱ्या मुलीनं नाही.

क्षमा केली म्हणजे पुन्हा पहिल्यासारखा विश्वास टाकायचा का?

क्षमा लगेच देता येते. विश्वास जमायला वेळ लागतो, आणि काही जबाबदाऱ्या काही जणांकडं पुन्हा कधीच देऊ नयेत. मार्क पौलाला प्रवासात अर्ध्यावर सोडून गेला, तेव्हा पौलानं त्याला पुढच्या प्रवासाला न्यायला नकार दिला, पौलाचा सोबती बर्णबा यानं मार्काचा हात धरला, आणि दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या (प्रेषितांची कृत्ये १५). वर्षांनंतर तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). कुणाचंही मत शेवटचं मत नसतं.

फळांवरून ओळखायचं म्हणजे किती काळ थांबायचं?

झाडाला लागतो तेवढा. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडं त्यांना धर्मबुडव्या म्हटलं गेलं, आणि तिकडं मठातल्या ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही धर्ममतांवरून खटके उडाले. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं, पुढं ते पुण्याला आलं, आणि तिथं १८९३ च्या सुमाराला धर्मांतराच्या शंकेनं पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची काळजी मला खोटी वाटत नाही. आपल्या लेकीचं काय होणार हे विचारायचा त्यांना हक्क होता. पण त्यानंतर तीन-चार वर्षांत दुष्काळ पडला, आणि याच बाईनं मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि बायका पुण्याजवळच्या केडगावला आणून वाढवल्या. १८९३ मध्येच ज्यांनी शेवटचं मत देऊन टाकलं होतं त्यांच्या हिशेबात या मुली कुठं धरायच्या?

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांविषयी काय?

पौलाचं उत्तर एका ओळीचं आहे: बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम आहे काय? (१ करिंथ ५:१२). तेही आपलं काम नाही.

मी आधीच कुणाचा चुकीचा न्याय केलाय. आता काय करू?

जिथं बोललात तिथंच जाऊन मागं घ्या. चारचौघांत दोष दिला आणि माफी कानात मागितली, तर दोष चौघांकडं तसाच राहतो. मी त्या धाकट्या भावाच्या घरी गेलो, त्याच्या बायकोसमोर बोललो, कारण उपासनेनंतर मी तिच्याशीही बोलायचं टाळलं होतं. मग पुढच्या बैठकीत उभा राहून सांगितलं की प्रस्ताव माझा होता, चौकशी मी केली नव्हती, आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. थोरल्यालाही सगळं कळलं. तो आठवडाभर आईशी बोलला नाही, आता बोलतो.

माफी मागितली की समोरच्यानं लगेच मोकळं व्हावं अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तीही एक प्रकारची जबरदस्ती होते. धाकट्यानं माझा हात हातात घेतला, ‘असू द्या, काका’ म्हणाला, चहा पाजला. पाठ वाचायला अजून आलेला नाही. यादीत त्याचं नाव मी परत लिहिलं आहे, दर पाचव्या रविवारी त्याची पाळी येते. त्या रविवारी मी माझ्या खिशात पाठाचा कागद ठेवतो, तो उठला नाही तर वाचायला, आणि तो शेवटच्या बाकावरून उठतो का म्हणून थोडा वेळ थांबतो.